पिशवीमागचे आकडे

“क्रॉनिक किडनी डिसीज आहे. स्टेज फाइव्ह,” डॉक्टर म्हणाले. मग आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांनी तेच मराठीत सांगितलं. “दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. हे एका दिवसात होत नाही. काही वर्षं चालू असणार.”

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. ती पुन्हा डोक्यावर घालत ते म्हणाले, “गोळ्या लिहून द्या साहेब. नेमानं खातो.”

“गोळ्यांनी आता भागणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात काहीही झालं की आमच्या घरात सगळे माझ्याकडेच बघायचे.

मी हे लिहितेय ते आमच्यासारख्या घरांसाठी. ज्या घरात दवाखान्याचे कागद वाचणारं एकच माणूस असतं आणि तेही शिकायला बाहेरगावी असतं, अशा घरांसाठी. मला लिहायची सवय नाही. काही ठिकाणी चुकेलही. पण हा आजार ज्यांच्या घरात येईल, त्यांना यातलं थोडं तरी उपयोगी पडेल असं वाटतं.

आमचं गाव नेकनूरपासून जवळ आहे. गावात आमचं किराणा दुकान आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकलेले. आईनं शाळा पाहिली नाही. तिला अक्षर येत नाही, पण आकडे येतात. दुकानात बसून बसून आले. वजनाचे, नोटांवरचे, मोबाइलवरचे. मी अंबाजोगाईला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली.

सुरुवात पायांच्या सुजेपासून झाली होती. अप्पांची चप्पल त्यांना होईना. दिवसभर गादीवर पाय मुडपून बसल्यानं असं होतं, असं ते म्हणायचे. मग जेवण जाईना. तोंडाला कसलीतरी धातूची चव येते म्हणायचे. चेहरा काळवंडला. नेकनूरच्या दवाखान्यात ब्लड प्रेशर मोजलं तेव्हा मोजणाऱ्या नर्सनं पट्टा सोडून पुन्हा बांधला. तिला मशीन बिघडलंय असं वाटलं. तिथून बीड, आणि बीडहून संभाजीनगर.

रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन खूप वाढलेलं निघालं. क्रिएटिनिन म्हणजे शरीरात तयार होणारा कचरा. किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. किडनी थकली की तो रक्तात साठत जातो.

“वेदनाशामक गोळ्या घ्यायचात का?” डॉक्टरांनी विचारलं होतं.

“कंबर दुखली की एक,” अप्पा म्हणाले.

“कंबर कधी दुखायची?”

“रोजच की.”

या गोळ्या आमच्या दुकानातच मिळायच्या. बिस्किटांच्या बरणीशेजारी त्यांची बरणी होती. गावातलं कोणीही यायचं, डोकं धरून, गुडघा धरून, आणि अप्पा बरणीत हात घालायचे. डॉक्टर म्हणाले, “ब्लड प्रेशर आणि या गोळ्या, दोन्हींनी मिळून हे केलंय.” घरी गेल्यावर अप्पांनी ती बरणी रिकामी केली, घासली, उन्हात पालथी घातली. तिच्यात पुढे काहीच भरलं नाही.

पहिले काही आठवडे बीडला मशीनवरचं डायलिसिस केलं. त्याला हिमोडायलिसिस म्हणतात. रक्त नळीनं बाहेर काढायचं, मशीनमध्ये गाळायचं, पुन्हा आत सोडायचं. बरेच लोक यावर वर्षानुवर्षं नीट राहतात. वेटिंग रूममध्ये आम्ही असे लोक पाहिले, डबा खात, हसत बसलेले. अप्पांचं मात्र मशीन सुरू झालं की ब्लड प्रेशर एकदम खाली यायचं. डोळे फिरायचे. एकदा त्यांना हृदयाचा झटका आला. तेव्हा हृदयाची सोनोग्राफी केली. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद, निम्म्याहून कमी झाली होती.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. पेरिटोनियल डायलिसिस. आपल्या पोटात आतड्यांवर एक पातळ पडदा असतो. तोच गाळणीसारखा वापरायचा. पोटाला एक नळी बसवतात. पिशवीतलं औषधी पाणी त्या नळीनं पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग काढून टाकायचं. कचरा त्या पाण्याबरोबर बाहेर येतो. दिवसातून चारदा. घरच्या घरी.

“दर महिन्याला मी व्हिडिओवर तपासेन,” डॉक्टर म्हणाले. “सिस्टर रोज मोबाइलवर असतील. याला टेलिमेडिसिन म्हणतात. दुरून उपचार. पण मी दुरून फक्त बघू शकतो. हात तुमच्या घरातल्या माणसाचे लागतील. कोणाचे?”

मी काही बोलायच्या आत आईनं पदराखालून दोन्ही हात पुढे केले.

डॉक्टरांनी ते हात खरंच धरून पाहिले. नखं, बोटांच्या मधली जागा, मिरचीनं पडलेले चट्टे. “चालतील,” ते म्हणाले.

आईचं शिक्षण तिथं वॉर्डात झालं. तिला शिकवणाऱ्या सिस्टर बारीक अंगाच्या, भरभर बोलणाऱ्या होत्या. तोंडाला मास्क. खोलीचं दार बंद. पंखा बंद, कारण वाऱ्यानं धूळ उडते. हात कोपरापर्यंत धुवायचे, साबणाचा फेस बोटांच्या बेचक्यातून जायला हवा. नळीच्या तोंडाला हात लागता कामा नये. एक जंतू आत गेला तरी पेरिटोनायटिस होऊ शकतो. पेरिटोनायटिस म्हणजे त्या पडद्याला झालेला संसर्ग. जीव जाऊ शकतो, हे सिस्टरांनी न लपवता सांगितलं.

“आणि हे सगळ्यात महत्त्वाचं,” त्या म्हणाल्या. पोटातून बाहेर काढलेल्या पाण्याची पिशवी त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवली. “पाणी स्वच्छ असेल तर पिशवीच्या आरपार अक्षरं वाचता येतात. वाचता आली नाहीत की समजायचं, गडबड आहे. लगेच फोन. रोज सकाळी असा फोटो काढून मला पाठवायचा.”

मी वाकून दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. कुठल्यातरी रस्त्याच्या कामाची बातमी होती. सिस्टर म्हणाल्या, “बरोबर.” आईनं मान हलवली.

घरी दुकानामागची गोदामाची खोली आम्ही रिकामी केली. मिरचीची पोती आधी काढली. भिंतींना रंग दिला, जमिनीवर फरशी बसवली, खिडकीला जाळी लावली. जुना तराजू ज्या आकड्याला टांगलेला असायचा, त्याला पाण्याची पिशवी टांगायची. निघालेलं पाणी किती भरलं हे रोज तोलून सांगायचं होतं. आईनं ते दुकानातल्या काट्यावर ठेवलं तेव्हा अप्पा संतापले.

“त्याच्यावर लोकांची साखर तोलितो मी.”

“पुसून घेते की.”

“पुसून काय हुतंय? गिऱ्हाईक काय म्हणंल? अप्पाचं पाणी अन् शेरभर साखर?”

शेवटी जुना तराजू माळ्यावरून निघाला आणि त्या खोलीत अप्पांच्या पाण्यासाठी वेगळा लागला.

औषधी पाण्याचे खोके तेलाच्या डब्यांशेजारी रचलेले असायचे. शेजारच्या हॉटेलातले मारुतीमामा एकदा ते बघून म्हणाले, “काय अप्पा, पाण्याच्या बाटल्या ठिवल्या का इकायला?”

“तुला पायजे का?”

“बघू की. कसं हाय?”

“चांगलं हाय. पण आधी दोन्ही किडन्या घालवून ये बे, मग देतो.”

मारुतीमामांना हसावं की नाही कळेना. अप्पा मात्र बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसले आणि नळीची जागा दुखली म्हणून मध्येच थांबले.

व्हिडिओवरच्या तपासणीच्या दिवशी अप्पा धुतलेली टोपी घालायचे. आम्ही लिंगायत; गळ्यातलं इष्टलिंग ते सदऱ्याच्या आत नीट सारायचे. आई मोबाइल धरायची. डॉक्टर सांगायचे, “नडगीवर अंगठा दाबून धरा. सोडा. कॅमेरा जवळ न्या.” अंगठ्याचा खड्डा किती वेळ राहतो त्यावरून अंगात किती पाणी साठलंय ते कळतं. मग नळीची जागा दाखवायची, तिथं लाली आहे का, पू आहे का. कधी चित्र अडकायचं. डॉक्टरांचं तोंड अर्धवट उघडं तसंच राहायचं आणि अप्पा त्या थिजलेल्या चेहऱ्यासमोर हात जोडून बसायचे. साहेब बोलायलेत, मध्ये कसं उठावं, म्हणायचे.

सुट्टी होती तोवर सकाळचा फोटो मीच काढायचे. दुकानातलं रद्दीचं वर्तमानपत्र घ्यायचं, वर पिशवी ठेवायची, फोटो. सिस्टरांकडून अंगठ्याचं चिन्ह यायचं. म्हणजे ठीक.

मग माझी प्रॅक्टिकल्स सुरू झाली. मी अंबाजोगाईला गेले. आईला फोटो काढणं आणि पाठवणं मी पक्कं शिकवलं होतं. रोज सकाळी तिचा फोटो सिस्टरांकडे जायचा आणि माझ्याकडेही यायचा. खाली बोलून पाठवलेला निरोप, “शिवू, धाडलं गं.” मी वसतिगृहाच्या नळावर रांगेत उभी असताना तो बघायचे. फोटोत पिशवी दिसायची, तिच्यामागे काळं काळं लिहिलेलं दिसायचं, सिस्टरांचा अंगठा दिसायचा. दिवस सुरू व्हायचा.

पावसाळा संपत आला होता तेव्हा अप्पांचं पोट दुखू लागलं. त्यांनी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. हे मला नंतर कळलं. पुन्हा संभाजीनगरला नेतील, मशीनवर झोपवतील, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. आईनं विचारलं तर म्हणाले, शेंगदाणे जास्त खाल्ले.

तिसऱ्या दिवशी आईनं सिस्टरांना फोन केला. “यांचं पोट दुखायलंय.”

“पाणी गढूळ आहे का मावशी?”

“न्हाई. समदं दिसायलंय.”

सिस्टरांनी सकाळचा फोटो पुन्हा उघडून पाहिला. पिशवीमागचं लिखाण दिसत होतं. त्यांनी बद्धकोष्ठाचं औषध सांगितलं, ताप आला तर कळवा म्हणाल्या. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये पोट साफ न होणं हे पोटदुखीचं नेहमीचं कारण असतं. फोटो बघून त्यांनी जे सांगितलं ते बरोबरच होतं.

त्या संध्याकाळी अप्पांना हुडहुडी भरली. दोन चादरी टाकल्या तरी दात वाजत होते. आईनं सिस्टरांना व्हिडिओ कॉल लावला आणि मलाही त्यात घेतलं. मी अभ्यासिकेच्या जिन्यात उभी होते. छोट्या चौकोनात मला आमची गोदामाची खोली दिसत होती आणि अप्पांचे हलणारे पाय.

“मावशी, आत्ताचं पाणी काढलं का? पिशवी बल्बसमोर धरा.”

आईनं धरली. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं होतं ते. मला जिन्यातून दिसलं.

सिस्टरांनी चेहरा स्क्रीनजवळ आणला. मग म्हणाल्या, “सकाळी फोटो काढताना मागे काय ठेवलं होतं? मला दाखवा.”

आईनं मोबाइल फिरवला. कोनाड्यात भिंतीवरच्या दिनदर्शिकेची फाडलेली पानं नीट रचून ठेवली होती. मागच्या महिन्यांची. जाड, पांढरी, गुळगुळीत. प्रत्येक चौकोनात ठळक काळा आकडा. सुट्टीचे लाल.

“ह्याच्यावर ठिविते,” आई म्हणाली. “पेपरची शाई हाताला लागती. तुमी म्हणला हुता, हात साफ पायजे. ह्याची शाई न्हाई लागत. अन् ह्याच्यावरचं मला वाचता येतंय. आकडे. रोज बघून, वाचूनच धाडिते.”

सिस्टरांनी डोळे मिटले. एवढे मोठे आकडे गढूळ पाण्यातूनही दिसतात. बारीक छापील अक्षरं पुसट होतात, नाहीशी होतात. बोटाएवढा काळा आकडा शेवटपर्यंत दिसत राहतो. ती चाचणी वाचणाऱ्या माणसासाठी केलेली होती. आईनं वाचता येईल असं शोधलं आणि स्वच्छ राहील असं शोधलं. तिला सांगितलेल्या दोन्ही गोष्टी तिनं पाळल्या होत्या. आम्ही तिघी रोज तो फोटो बघत होतो, आणि तिघींनाही मागचं लिखाण दिसत होतं.

“काई चुकलं का?” आईनं विचारलं.

“पिशवी फेकू नका,” सिस्टर म्हणाल्या. “ती बरोबर आणा. गाडी बघा. आत्ता निघा.”

मी पहाटेच्या एस.टी.नं निघाले आणि परस्पर संभाजीनगरच्या रुग्णालयात पोहोचले. आई कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, त्यात ती पाण्याची पिशवी, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. पाणी तपासणीसाठी देऊन झालं होतं तरी रिकामी पिशवी तिनं सोडली नव्हती.

पोटातल्या पाण्यातून अँटिबायोटिक दिलं. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. त्या कमी झाल्या तर संसर्ग हटतोय असं समजायचं. आम्ही रोज त्या आकड्याची वाट बघायचो. थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. अप्पांना उलट्या व्हायच्या. पोट पाटीसारखं कडक झालं होतं. कोणी पलंगाला धक्का लावला तरी ते ओठ दाबायचे.

राउंडला आलेले डॉक्टर एका सकाळी म्हणाले, “पाणी साफ होत नाहीये. नळी काढावी लागेल. जंतू नळीलाच चिकटून बसलेत. नळी काढली नाही तर वाचणार नाहीत.”

“अन् काढल्यावर?” आईनं विचारलं.

“काही आठवडे पुन्हा मशीन. मग पडदा ठीक असेल तर नवी नळी.”

ते आठवडे कसे गेले ते सविस्तर लिहायची माझी तयारी नाही. मानेतून नळी घालून मशीन लावायचे. प्रत्येक वेळी प्रेशर खाली यायचं. नर्स पलंगाचं पायथ्याचं टोक उचलायच्या, सलाइन सोडायच्या. अप्पा शुद्धीवर आले की पहिल्यांदा टोपी चाचपायचे. एकदा मला म्हणाले, “शिवू, मी पार वर जाऊन आलतो.” मी त्यांची टोपी नीट केली.

एका दुपारी वेटिंग रूममध्ये आईनं मला विचारलं, “दिसत हुतं तर मला. मग असं कावून झालं?”

मी तिला समजावून सांगितलं. मोठं आणि बारीक. गढूळ पाणी आणि ठळक शाई. तिला लगेच कळलं. कळल्यावर तिनं पदर तोंडात धरला.

शिकवणाऱ्या सिस्टर ड्युटी संपवून आमच्याजवळ येऊन बसल्या. मला वाटलं, आता त्या आईला काही बोलतील. त्या म्हणाल्या, “मावशी, मी तुम्हाला विचारायला हवं होतं, तुम्ही वाचता का. मी सगळ्यांना तेच शिकवते. तुमच्या मुलीनं वाचलं आणि मी पुढे गेले.” मग त्यांनी विचारलं, “बारीक असं काय तुम्हाला चांगलं दिसतं, चांगलं ओळखता येतं?”

आईला हा प्रश्न विचित्र वाटला. “दुकानात बसते बाई. बारीक म्हणजे मोहरी. खसखस. समदंच.”

दोघींनी वॉर्डातल्या टेबलावर ते करून पाहिलं. स्टीलच्या ताटलीत पांढरा कागद, त्यावर मोहरीचे दाणे पसरून वरून पारदर्शक चिकटपट्टी. आधी त्यावर स्वच्छ पाण्याची पिशवी ठेवली. दाणे एकेक वेगळे दिसत होते. मग दुसऱ्या एका रुग्णाची गढूळ पिशवी ठेवली. दाणे गेले. नुसता मळकट डाग राहिला.

“हे मला कळतंय,” आई म्हणाली.

डॉक्टरांनीही येऊन पाहिलं. “कागदावर छापलेलंच पाहिजे असं कुठे आहे?” ते म्हणाले. मग आईकडे वळून म्हणाले, “पण दुखत असेल तर पाणी कसंही दिसो, फोन करायचा. पोट आधी, पिशवी नंतर.” हे वाक्य मी इथं मुद्दाम लिहितेय. ज्यांच्या घरी ही पिशवी असेल त्यांनी लक्षात ठेवावं. फोटोत फक्त पिशवी दिसते. दुखणं दिसत नाही. ते सांगावं लागतं आणि आजारी माणसाला तसं सांगू द्यावं लागतं.

पडदा टिकला होता. नवी नळी बसली. ती मोहरीची ताटली घेऊन आम्ही घरी आलो.

पुढचे काही महिने माझ्या मोबाइलवर रोज सकाळी मोहरी यायची. मी रांगेत उभी राहून दाणे बघायचे. सगळे वेगळे दिसले की पुढे सरकायचे.

अप्पा सकाळी थोडा वेळ दुकानात बसायचे. जवळ आई असायची. गोणी उचलणं, वर चढणं बंद. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलले की दम लागायचा. कोणी कंबरदुखीची गोळी मागितली की म्हणायचे, “माझ्याकडं बघ अन् सांग, देऊ का?” माणूस मीठ घेऊन निघून जायचा.

पाणी स्वच्छ येत होतं, पण व्हिडिओवरच्या तपासणीत नडगीवरचा खड्डा जास्त वेळ राहू लागला. रात्री अप्पा आडवे झोपू शकेनात. उशा रचून बसूनच झोपायचे.

सुट्टीत मी घरी होते तेव्हाची तपासणी. डॉक्टर बराच वेळ कागद चाळत होते. मग कॅमेऱ्यात बघून म्हणाले, “अप्पा, स्पष्ट बोलू का?”

“बोला की साहेब. टोपी घालून बसलोय.”

“डायलिसिस चांगलं चाललंय. घरच्यांनी फार नीट केलंय. पण हृदय थकलंय. पोटाचं पाणी मी इथून सांभाळू शकतो. हृदयाचं नाही.”

“तिकडं यावं लागंल का?”

“आलात तर ॲडमिट करून घेईन. पण इथे काही वेगळं करता येईल, असं मी तुम्हाला सांगणार नाही.”

अप्पांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंग हितंच बरं हाय,” ते म्हणाले. चित्र अडकलेलं नव्हतं, तरी डॉक्टर काही क्षण तसेच राहिले.

मी कॉलेज सोडून घरी थांबते म्हणाले. अप्पा म्हणाले, “तू हितं बसून काय मोहरी मोजणार हाईस का? ती हाय की.”

मी गेले. मोहरी येत राहिली.

तो दिवस उन्हाळ्याच्या सुरुवातीचा होता. सकाळी फोटो आला. दाणे स्वच्छ, एकेक वेगळे. सिस्टरांचा अंगठा आला. मी प्रॅक्टिकलला गेले. दुपारी प्रयोगशाळेत मोबाइल थरथरला. आईचं नाव होतं. आई फोन करत नाही. ती फोटो पाठवते, निरोप पाठवते. तो फोन उचलायच्या आधीच मला कळलं होतं.

अप्पा गादीवर बसले होते. कोणाला तरी गूळ तोलून दिला. आईला म्हणाले, घोटभर पाणी दे. त्यांना पाणी मोजून द्यावं लागायचं, म्हणून ती फुलपात्र घेऊन आत गेली. बाहेर आली तर ते पोत्याला टेकले होते. गूळ घेणारी बाई अजून पुडी बांधत होती.

मी पोहोचले तेव्हा ओटा माणसांनी भरला होता. आमच्यात माणसाला बसवून समाधी देतात. गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवतात. त्याची तयारी चालली होती. पोटाच्या नळीचं काय करायचं, असं कोणीतरी विचारलं. कापून टाका, असं एक म्हातारे म्हणाले.

“थांबा,” आई म्हणाली. “पट्टी बदलायची ऱ्हायलीय.”

ती मागे नळावर गेली. हात धुतले, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यातून. मास्क लावला. खोलीत येऊन पंखा बंद केला. दार लोटून घ्या म्हणाली. बायका रडत होत्या, त्यांना बाहेर काढलं. मी दाराशी उभी राहिले. तिनं जुनी पट्टी काढली, जागा पुसली, नळीला नवं झाकण लावलं, वर स्वच्छ पट्टी चिकटवली. जागा कोरडी होती. लाली नव्हती. पू नव्हता.

“आता न्या,” ती म्हणाली.

ती जागा एवढी निर्मळ राहिली होती याचं समाधान मला वाटावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अप्पा संसर्गानं गेले नाहीत. मशीनवर गेले नाहीत. ज्या गादीवर आयुष्य काढलं तिथंच गेले. हे त्या डॉक्टरांमुळे आणि सिस्टरांमुळे झालं, आणि ते आम्हाला मिळालं म्हणून मी त्यांची ऋणी आहे. पण दूरच्या माणसाला आपण जेवढं दाखवतो तेवढंच दिसतं, हेही मी त्या वर्षात शिकले. कोणी तुमच्या आईला, बहिणीला, बायकोला काही शिकवत असेल तर तिच्या वतीनं तुम्ही मोठ्यानं वाचू नका. तिला काय दिसतंय ते तिलाच सांगू द्या.

उरलेले पाण्याचे खोके आम्ही रुग्णालयाला परत दिले. घेऊन जाणाऱ्या गाडीत आईनं सगळ्यात वर ती ताटली ठेवली, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. सिस्टरांना निरोप दिला, “कोणाच्या घरी वाचणारं न्हाई, त्येन्ला द्या.”

बऱ्याच दिवसांनी सिस्टरांकडून एक फोटो आला. नाव नाही, गाव नाही. कुठल्यातरी घरातली फरशी, तिच्यावर आमची ताटली, वर पाण्याची पिशवी.

आई दुकान उघडायच्या गडबडीत होती. मी मोबाइल तिच्यासमोर धरला. तिनं हात पदराला पुसले, मोबाइल उजेडाकडे वळवला आणि डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला.

“दिसायलेत दाणे,” ती म्हणाली. “पोट दुखतंय का म्हणून इचार त्येन्ला.”